बोटाला लागणारा रंग

प्रश्न : लंडनहून आणलेल्या वीतभर निसर्गचित्रावर ‘एच. बी. बी.’ अशी सही आहे. रंग बोटाला लागतो. चित्रकार कोण? फ्रेम कशी करू?

उत्तर : हर्क्युलिस ब्रॅबझन ब्रॅबझन (१८२१–१९०६) अशी सही करत. जलरंग आणि पेस्टल (भुकटीचे रंगीत खडू) ही त्यांची माध्यमं. पहिलं एकल प्रदर्शन १८९२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर! मात्र नुसत्या आद्याक्षरांवर विसंबू नका, जाणकाराला मूळ चित्र दाखवा.

रंग लागतो म्हणजे बहुधा पेस्टल. त्याची भुकटी कागदाच्या खरखरीत जेमतेम अडकलेली असते, म्हणून बोट लावूच नका. काच चित्रापासून पाच-सहा मिलिमीटर दूर हवी. काचेऐवजी साधं अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लॅस्टिक) टाळा. पुसताना त्यावर स्थिर वीज तयार होते आणि भुकटी ओढली जाते. फिक्सेटिव्हचा (भुकटी पक्की करणाऱ्या द्रावाचा) फवारा तर नकोच, उजळ रंग काळवंडतात.