सोडायचं, पण कुणासाठी?

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज नीट वाचला. जॉब सोडायचा, बाईक विकायची, फोनसुद्धा साधाच घ्यायचा, कारण प्रभूच्या मागे जायचं तर जगातलं काही धरून ठेवायला नको असं लिहिलंयस, आणि तुझी ओढ खरी आहे यात मला शंकाच नाही. पण अख्ख्या मेसेजमध्ये तू काय काय सोडणार तेच आहे रे, ते कुणाच्या उपयोगी पडणार हे कुठेच नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या १९ व्या अध्यायातला श्रीमंत तरुण आठव. येशूने त्याला आहे ते विक म्हटलं आणि त्याच दमात गोरगरिबांना दे म्हटलं, आपण मात्र विकण्यावरच अडकतो.

पंडिता रमाबाईंचं बघ ना. केडगावची जमीन त्यांनी घेतलेली ती फळबाग करून शारदा सदनाला, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुली-बायका बघितल्या आणि शेकडोंना घेऊन आल्या, आणि त्याच जमिनीवर या मुलींसाठी मुक्ती सदन उभं राहिलं. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते, त्यामुळे ती भूक त्यांना कुणी समजावून सांगायला नको होती. त्यांच्यासमोर आधी माणसं होती, काय सोडायचं ते त्यावरून ठरलं.

दुसरं, घरचं. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचं पगारी काम सोडलं, त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये जे लिहून ठेवलंय तेही वाच म्हणजे कळेल की नवऱ्याच्या उदारपणाचा भार घरातल्या बाईवर किती पडतो. तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या आणि बहिणीची फी तुझ्याच पगारातून जाते ना? देवाला वाहिलंय असं सांगून आईबापाची मदत टाळणाऱ्यांना येशूने किती कडक शब्दांत सुनावलंय ते मार्क ७ मध्ये आहे.

मग काहीच सोडायचं नाही का? सोड की, तुझं लग्न आहे ना पुढच्या वर्षी, तिथे सोड! प्रेषित पौलाला मूर्तीला वाहिलेलं मांससुद्धा खायची मोकळीक होती तरी तो म्हणतो, माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. आता आपल्या चर्चच्या मंडळीत काय चाललंय बघ, एकाने लॉनवर लग्न केलं की पुढच्याला चर्चचं आवार लहान वाटायला लागतं, मग बँड, भाड्याचा गाऊन, तीन मजली केक, ड्रोनवाला फोटोग्राफर, आणि मुलीचा बाप पतसंस्थेचे हप्ते फेडत बसतो, पहिलं नातवंड शाळेत गेलं तरी. तुला परवडतं म्हणूनच तू साधं कर. ज्याला परवडत नाही त्याने साधं केलं तर लोक म्हणतात, ऐपत नाही. तुझ्यासारख्या चांगल्या पगारवाल्याने आवारात मंडप घालून, मटण-भात आणि एक गोड ठेवून सगळ्यांना एका पंगतीत जेवायला घातलं, तर उद्या त्या बापाला मान खाली न घालता तसंच करता येईल. याला कुणी त्याग म्हणणार नाही, उलट नातेवाईक चिक्कू म्हणतील, ते ऐकून घ्यायची तयारी ठेव, कारण चारचौघांतला मान सोडणं हे बाईक विकण्यापेक्षा फार जड जातं.

उरलेल्या पैशांचं मात्र आधीच ठरव. मंडळीतल्या कुणाचा हप्ता थकलाय ते पाळकांना माहीत असतं, त्यांच्या हातून गुपचूप दे.

राजीनामा सध्या राहू दे. आणि हो, लग्नाची हौस तुझ्या एकट्याची नाही, तिचीही आहे, ती तू परस्पर सोडून टाकू नकोस, आधी तिला विचार. तिला गाऊन हवाच असेल तर असू दे बापडीला. रविवारी उपासना झाली की दोघंही घरी जेवायला या, मंडपवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे, बसून खर्च काढू.

तुझी,
मावशी