भास-भ्रमांवर दिलं जाणारं अँटिसायकोटिक औषध काही तासांत मेंदूत पोहोचतं, मग पूर्ण गुण यायला आठवडे का लागतात?

कारण रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) अडणं आणि डोपामिन हे निरोप नेणारं रसायन बनवणाऱ्या पेशी शांत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॅलोपेरिडॉल हे असंच एक औषध. ते डोपामिनच्या डी२ रिसेप्टरवर जाऊन बसतं ते काही तासांतच. पण डोपामिन तयार करणाऱ्या पेशींवर त्याचा पहिला परिणाम चक्क उलटा होतो. या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही डी२ रिसेप्टर असतात. 'आता पुरे' हा निरोप त्यांना तिथूनच मिळतो. तोच अडला की पेशी आणखी जोरात संदेश सोडायला लागतात.

१९७८ मध्ये बनी आणि ग्रेस या संशोधकांनी उंदरांना काही आठवडे रोज हे औषध दिलं, तेव्हा बऱ्याच पेशी गप्प झालेल्या दिसल्या. मेलेल्या नव्हेत, सतत उत्तेजित राहून अडकलेल्या. एरवी पेशींना शांत करणारं गाबा हे रसायन दिलं की अशी पेशी पुन्हा चालू होते! मला यातलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं. पेशी अशी अडकून गप्प होण्याला डीपोलरायझेशन ब्लॉक म्हणतात. माणसाच्या मेंदूत तो थेट मोजता येत नाही, आणि रुग्णाला थोडा फरक पहिल्या आठवड्यातही पडतो, त्यामुळे हे अर्धंच उत्तर समजा. मात्र 'आठ दिवसांत काही झालं नाही' म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

क्लोझापिन या दुसऱ्या अँटिसायकोटिकने उंदरांत फक्त भावना-विचारांशी जोडलेल्या भागातल्या पेशी गप्प होतात, हालचाली सांभाळणाऱ्या चालूच राहतात. त्याने अंग ताठरण्याचा त्रास क्वचितच होतो, हे त्याच्याशी जुळतं.