सोसायटीच्या सुरक्षेत मानसशास्त्राचे सिद्धांत खरंच कामाला येतात का?

येतात, आणि कॅमेऱ्यांच्या आधी येतात. दादरच्या तुमच्या इमारतीत वॉचमनना ‘जबाबदारीची जाणीव’ कशी करून द्यायची, असं तुम्ही नवे सेक्रेटरी म्हणून विचारलंय. माझ्या मते जाणीव त्यांना असतेच, नसतो तो अधिकार.

१९६८ साली लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला. एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोघं ढिम्म बसून राहिले, तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. माणसं बेफिकीर नव्हती, इतरांचे चेहरे बघून ‘काही विशेष नसेल’ असं ठरवत होती.

आता रात्री दोनला मीटर रूममधून वायर जळल्याचा वास येतोय. मागे कुणी ‘उगाच झोपमोड केलीस’ म्हणून झापलं असेल, तर वॉचमन सकाळची वाट बघणार. ‘हे मी करू शकतो’ हा विश्वास, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या मते, प्रत्यक्ष करूनच सगळ्यात पक्का होतो. म्हणून नुसती नोटीस लावू नका. ड्रिलमध्ये अलार्म त्यालाच वाजवू द्या, एक्स्टिंग्विशर त्याच्याच हातात द्या. ‘कुणालाही न विचारता १०१ला फोन करायचा’ हे सगळ्या सभासदांसमोर सांगा. आणि इशारा खोटा निघाला तरी त्याचे आभार माना. बहुतेक कमिट्या नेमक्या इथेच कच खातात.

एजन्सीने माणूस बदलला की हे पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.