मेटफॉर्मिनसाठी कोणता कॉलम घ्यावा?

प्रश्न : मी एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करतो. ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन आणि २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड या मधुमेहावरील औषधांच्या गोळीची एचपीएलसी चाचणी (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) करताना सी१८ कॉलमवर (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेली सिलिका भरलेल्या नळीवर) मेटफॉर्मिन दीड-दोन मिनिटांतच बाहेर पडते. दुसऱ्या कंपनीचा सी१८ वापरूनही फरक पडला नाही. हिलिक (ध्रुवीय रेणूंना धरणारा) किंवा आयन-एक्स्चेंज (भारित रेणूंना धरणारा) कॉलम घ्यावा का?

उत्तर : कॉलमची कंपनी बदलून हा प्रश्न सुटणार नाही. सी१८ कॉलम जलविरोधी रेणूंना धरून ठेवतो. मेटफॉर्मिन मात्र तीव्र बेस असून त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) सुमारे १२.४ आहे, त्यामुळे नेहमीच्या पीएचवर ते धनभारित राहते आणि पाण्यातच रमते. १५० बाय ४.६ मिलिमीटरच्या कॉलममध्ये साधारण दीड मिलिलिटर द्रव मावतो, म्हणून मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह ठेवल्यास मुळीच न अडकलेला पदार्थ दीड मिनिटाच्या सुमारास बाहेर येतो. तुमचे मेटफॉर्मिन जवळजवळ तसेच वाहून जात आहे. सी८ कॉलममधील कार्बनची साखळी आणखी आखूड असल्याने तोही येथे उपयोगाचा नाही.

सी१८ च ठेवायचा असेल, तर मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) हेप्टेन किंवा ऑक्टेन सल्फोनेटसारखे आयन-पेअर द्रव्य, म्हणजे धनभारित रेणूशी जोडी जमवणारे ऋणभारित द्रव्य, घालता येते. त्याने मेटफॉर्मिन थांबते. मात्र कॉलम स्थिरावायला वेळ लागतो, आणि हे द्रव्य पूर्णपणे धुऊन निघत नसल्यामुळे तो कॉलम त्याच चाचणीसाठी राखून ठेवावा. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) जोडायचा असल्यास हा मार्ग टाळावा.

हिलिकमध्ये ध्रुवीय पृष्ठभागावरील पाण्याचा थर मेटफॉर्मिनला धरतो आणि अॅसिटोनायट्राइल भरपूर असल्याने मास स्पेक्ट्रोमीटरलाही ते सोयीचे पडते. पण नमुना निव्वळ पाण्यात विरघळवून सोडल्यास पीक (आलेखावरील शिखर) विस्कटते, ही चूक फार होते. शिवाय जलविरोधी ग्लिमेपिराइड तेथे अगदी आरंभीच निघून जाते, म्हणजे अडचण फक्त दुसऱ्या औषधाकडे सरकते.

अशुद्धी तपासण्यासाठी मात्र माझा कौल स्ट्राँग कॅटायन-एक्स्चेंज कॉलमला, म्हणजे धनभारित रेणूंना धरणाऱ्या आयन-एक्स्चेंज कॉलमला आहे. युरोपीय औषधकोशातील मेटफॉर्मिनच्या पद्धतीत बेंझीनसल्फॉनिक आम्लाचे गट जोडलेली सिलिका, पीएच ३.० चा अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट बफर आणि २१८ नॅनोमीटर तरंगलांबी वापरली जाते. सायनोग्वानिडीन ही अशुद्धी भाररहित असल्याने आधी बाहेर पडते आणि मेटफॉर्मिनच्या प्रचंड पीकच्या शेपटीखाली दडत नाही.

राहिली तुमची गोळी. दोन्ही औषधांच्या प्रमाणात २५० पटींचा फरक आहे आणि स्वभावही विरुद्ध आहेत, म्हणून एकाच कॉलमचा हट्ट न धरता दोन स्वतंत्र पद्धती ठेवाव्यात, असे मला वाटते : ग्लिमेपिराइडसाठी तुमचा आताचा सी१८ आणि मेटफॉर्मिनसाठी कॅटायन-एक्स्चेंज. एकाच पद्धतीची सक्ती असेल, तर सी१८ वर आयन-पेअर द्रव्यासह ग्रेडियंट (मोबाइल फेजचे मिश्रण हळूहळू बदलत नेणे) वापरून पाहावा. पण प्रत्येक इंजेक्शनपूर्वी कॉलम पुन्हा स्थिरावण्याचा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा, नाहीतर मेटफॉर्मिनचा रिटेन्शन टाइम (बाहेर पडायला लागणारा वेळ) दर वेळी सरकेल.