वाचकांचे प्रश्न : खुब्याची झीज, व्यायाम आणि शस्त्रक्रिया

प्रश्न : मी ६२ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून साखळीला राहते. दोन वर्षांपासून डाव्या जांघेत दुखते. आधी मला ते गुडघ्याचेच दुखणे वाटत होते. एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी खुब्याच्या सांध्याची झीज तिसऱ्या श्रेणीची असल्याचे सांगितले आणि आज ना उद्या सांधा बदलावा लागेल, असे सुचवले. फिजिओथेरपिस्टच्या मते आधी व्यायाम करून पाहावा. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, फरक पडला नाही. बाजारापर्यंत चालत जाते, रात्री झोपही लागते. पण पायाची नखे कापता येत नाहीत आणि जमिनीवर बसले की उठवत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोहोंपैकी काय निवडावे? शस्त्रक्रिया केली तर चवथीला खाली बसून नेवऱ्या (करंज्या) करता येतील का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : बाजारापर्यंत चालत जाता येते आणि रात्री झोप लागते, ही आपल्या पत्रातली माहिती मला एक्स-रेच्या श्रेणीपेक्षा महत्त्वाची वाटते. शून्य ते चार ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. हाडांमधली फट किती अरुंद झाली आहे, कडेला हाडाचे काटे किती वाढले आहेत, एवढेच तिच्यातून कळते. वेदना किती आहे हे तिच्यातून कळत नाही, आणि झीज व वेदना यांचे प्रमाण अनेकदा जुळत नाही. दुखणे गुडघ्याचे वाटले यात नवल नाही. खुब्याच्या सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या नसांच्या शाखा गुडघ्यालाही जातात, त्यामुळे खुब्याचे दुखणे मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावी : ही वयोमानाची झीज आहे की दुसरे काही? आपल्या देशात गुडघ्याची झीज सर्रास आढळते, खुब्याची त्या मानाने कमी. खुबा बदलावा लागलेल्या भारतीय रुग्णांत रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा खचणे, आमवात किंवा जुनी दुखापत ही कारणे बरीच दिसतात. गोळा खचण्याचा आजार असेल तर व्यायामाने तो थांबत नाही आणि पुढचा सगळा विचार बदलतो. शंका असल्यास एमआरआय करून घ्यावा.

कारण साधी झीजच असेल, तर माझे मत असे की आपण आधी किमान तीन महिने व्यायामाला द्यावेत. दहा दिवसांचा शेक त्यात धरू नये. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की शेक आणि करंट एवढेच डोळ्यांसमोर येते. त्याने दोन तास बरे वाटते, पण स्नायूंत बळ येत नाही. खुब्यासाठी काम करायचे ते नितंबाच्या आणि मांडीच्या स्नायूंवर : कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणे, उताणे निजून कंबर वर उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे. सोपे वाटू लागले की वजन किंवा आवर्तने वाढवावी लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीचे काही आठवडे तरी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, हे झाले पाहिजे. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले तर घाबरू नये.

व्यायामाची बाजू घेताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, व्यायामाने पुन्हा येत नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खुब्याची झीज असलेल्या १०२ रुग्णांपैकी काहींना १२ आठवडे फिजिओथेरपी दिली आणि उरलेल्यांना बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड मशीनचा लटका उपचार. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची थेट तुलना करणारी डेन्मार्क-नॉर्वेतील चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तीव्र झीज असलेले, पन्नाशीच्या पुढचे १०९ रुग्ण होते. ऑक्सफर्ड हिप स्कोअर या ४८ गुणांच्या मोजपट्टीवर सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात सरासरी १५.९ गुणांची सुधारणा झाली, तर वजन वापरून व्यायाम करणाऱ्यांत ४.५ गुणांची. फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र व्यायाम गटातल्या सुमारे एकपंचमांश रुग्णांनीच सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांचे तोवर तिच्यावाचून निभावले. शिवाय हे सारे शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर आलेले रुग्ण होते. आपण अजून त्या उंबरठ्यावर नाही, म्हणूनच मी थांबायला सांगतो.

थांबण्याला वयाचेही कारण आहे. कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, असे २०१९ साली मोठ्या नोंदींच्या आधारे दाखवले गेले. सत्तरीनंतर सांधा बदलला तर तो हयातीत पुन्हा बदलण्याची वेळ सुमारे पाच टक्के लोकांवरच येते. वय जितके कमी, तितकी ही शक्यता वाढते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे, दोन्ही पायांच्या लांबीत फरक पडणे हे धोके थोड्यांच्याच वाट्याला येतात, पण सही करण्यापूर्वी ते समजून घ्यावेत.

तोवर काठी वापरावी, आणि ती उजव्या हातात धरावी. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच काठी टेकतात, ते चूक आहे. डाव्या पायावर भार येतो तेव्हा शरीर तोलून धरायला डाव्या नितंबाच्या स्नायूंना जोर लावावा लागतो आणि त्या ओढीने सांधा आणखी दाबला जातो. विरुद्ध हातातली काठी त्यातला बराच भार उचलते. घराच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय व काठी आधी. रक्तदाब असताना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नये. रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेल्यास त्याचा आराम काही आठवड्यांचाच असतो हे लक्षात ठेवावे, आणि नंतर तीन महिने शस्त्रक्रिया टाळावी, कारण तोवर संसर्गाचा धोका वाढलेला असतो.

नेवऱ्यांविषयी : सांधा बदलल्यावर उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बहुतेक शल्यचिकित्सक टाळायलाच सांगतात, कारण त्या स्थितीत सांधा निखळण्याची भीती असते. नेवऱ्या टेबलावर कराव्यात. आज जमिनीवरून उठवत नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीही तेच बरे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. खुब्याची फट पूर्ण गेली आहे, असे डॉक्टर म्हणतात. वर्षभर नेमाने व्यायाम केला, तरी रात्री दुखण्याने जाग येते आणि अंगणापलीकडे जाववत नाही. ‘या वयात कापाकापी कशाला’ म्हणून ते ऐकत नाहीत.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : त्यांच्या बाबतीत मी शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. वय आड येत नाही. हृदय, मधुमेह आणि दात-लघवीचा एखादा संसर्ग यांची तपासणी आधी झाली की पुरे. बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन त्यांना चालवतील. व्यायाम मात्र तेव्हाही सुटणार नाही, आणि आजवर केलेला वायाही जाणार नाही : आधीपासून स्नायूंत बळ असलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरतो. फार काळ थांबलात तर स्नायू आणखी रोडावतील आणि सावरायला तेवढाच जास्त वेळ लागेल. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवताना जुने एक्स-रे सोबत न्यावेत. खाजगी इस्पितळात जाणार असाल, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डावर कोणत्या प्रकारचा कृत्रिम सांधा बसतो आणि वरचे किती पैसे भरावे लागतील, हे तारीख ठरवण्यापूर्वी लेखी घ्यावे. शौचालयात कमोड आणि भिंतीला धरायचा दांडा त्यांना घरी आणण्याआधीच बसवून घ्यावा.