घड्याळाचा सेल वर्षभरातच संपतो. त्यापेक्षा चावीचं घड्याळ घ्यावं का?

आधी आत कुठला सेल टाकलाय ते बघा. ३७७ म्हणून जो सेल मिळतो, तो सिल्व्हर ऑक्साइडचा (एसआर ६२६) असायला हवा. त्याच मापाचा अल्कलाइनही (एलआर ६२६) मिळतो, स्वस्त असतो आणि बरेच जण तोच बसवून देतात. सिल्व्हर ऑक्साइड जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्ट धरून राहतो, अल्कलाइन हळूहळू उतरत जातो. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात चांगला सेल दोन-तीन वर्षं जातो. दिवा किंवा स्टॉपवॉच असेल तर कमी.

आता चावीच्या घड्याळाचं. आमचे दाजी प्रत्येक लग्नकार्यात माझं मनगट धरून सगळ्यांना दाखवतात, "रोज चावी द्यायची आणि वर दिवसाला दहा सेकंद मागे! हे कसलं घड्याळ?" आकड्यांत त्यांना खोडता येत नाही. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनं करतो आणि महिन्याला साधारण १५ सेकंद चुकतो. माझ्या घड्याळातलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, सेकंदाला पाच टिकटिक करतं.

पण दाजींचं ते अचूक घड्याळ बंद पडलं आणि कपाटात तसंच राहिलं. ताईने माझ्याकडे दिलं. मागचं झाकण काढलं तर सेलभोवती पांढरी पूड, आणि कॉइलची केसासारखी तार हिरवी पडून तुटलेली. अख्खं मशीन गेलं. माझंही एक जुनं घड्याळ तितकेच दिवस पडून होतं. दाजींसमोरच चावी दिली. आठ-दहा पीळ बसले असतील, बॅलन्स व्हील डोलायला लागलं. दाजी काय म्हणाले? "पण वेळ चुकीची दाखवतंय."

वेळ लावता येते हो! तुटलेली तार कोण जोडणार?

तर घ्या, खुशाल घ्या. फक्त पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. काही वर्षांनी आतलं तेल सुकतं, सर्व्हिसिंग करावं लागतं, आणि त्या एका खर्चात कितीतरी सेल येतात. स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवलंत तर पुढेही धावेल. ट्रेन-विमानं गाठायची असतील तर क्वार्ट्झच बरं, हे दाजींना सांगू नका.

आणि बंद पडलेल्या घड्याळातला सेल आजच काढा. दाजींच्या आणखी एका घड्याळात अजून तसाच आहे.