‘परवानगीने जातो’ असं लिहून देऊ नका

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचं सव्वादोन एकर केळीचं वावर आहे. आजोबांच्या वेळेपासून शेजारच्या गटातून आमची बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर जातो. ते शेत दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या माणसाने विकत घेतलं. दिवाळीत त्याने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. चार लोकांनी समजावल्यावर उचलल्या. १२ फेब्रुवारीला मात्र तारेचं कंपाउंड करून गेटला कुलूप लावलं. नाल्याकडून एक पायवाट आहे, पण पावसाळ्यात तिथून बैलसुद्धा जात नाही. तलाठी म्हणतात, नकाशात रस्ता नाही. मालक म्हणतो, वर्षाला पाच हजार द्या, ‘परवानगीने जातो’ असं स्टॅम्पवर लिहून द्या आणि किल्ली घेऊन जा. आता जून लागला, बाग कापणीला आली. मुलगा म्हणतो, रात्री तार तोडून टाकू. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी त्या स्टॅम्पचं बोलू. कापणीच्या घाईत माणूस सही करून मोकळा होतो, आणि मग वकिलालाही काही करता येत नाही.

दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काला सुविधाधिकार म्हणतात. कोर्टात सगळे इझमेंटच म्हणतात. १८८२ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि ‘हक्क म्हणून’ वाट वापरली की तो हक्क पक्का होतो. तुमच्याकडे तर तीन पिढ्यांची वहिवाट आहे. पण ‘परवानगीने’ हा एक शब्द तुमच्या सहीने कागदावर गेला की ‘हक्क म्हणून’ हे सिद्ध करणं फार अवघड होतं. उद्या तो मालक कोर्टात तोच कागद दाखवेल आणि म्हणेल, परवानगी दिली होती, आता काढून घेतली. पाच हजारांत तो तुम्हाला रस्ता देत नाही, तुमचा हक्क विकत घेतोय.

कापणी अडली असेल तर वेगळं पत्र द्या : ‘माझा वहिवाटीचा हक्क राखून, वादाचा निकाल लागेपर्यंत या कापणीपुरतं गेट उघडावं.’ नोंदणी करून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तो ऐकणार नाही, असं मला वाटतं. मग घड डोक्यावरून नाल्यापर्यंत आणावे लागतील. त्या जादा मजुरीचा हिशेब आणि व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या फाइलला लावून ठेवा.

आता मूळ उपाय. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार. कायदा इंग्रजांच्या काळातला आहे, पण शेतरस्त्याच्या भांडणात आजही सगळ्यात जास्त हाच कामाला येतो. कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायला लावू शकतात आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाई हुकूम देऊ शकतात. रस्ता नकाशात असलाच पाहिजे, अशी अट या कलमात नाही. वापरात होता, एवढं दाखवायचं.

मुदत मात्र सहा महिन्यांची आहे, आणि ती मोजायची अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून. १२ फेब्रुवारी धरली तर १२ ऑगस्टच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. पण दिवाळीतल्या काट्या तुम्ही ओघात सांगून गेलात, मी तिथेच अडकलो. समोरचा वकील नेमकं तेच धरेल : अडथळा दिवाळीत सुरू झाला, सहा महिने कधीच उलटले. म्हणून काट्यांची गोष्ट लपवू नका. अर्जातच लिहा की पंचांच्या सांगण्यावरून काट्या उचलल्या गेल्या, त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत ट्रॅक्टर रोज गेला, आणि तारेचं कंपाउंड हा नवा, वेगळा अडथळा आहे. ज्या चार लोकांनी समजावलं, त्यांची प्रतिज्ञापत्रं सोबत जोडा. तरीही हा मुद्दा तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो, हे धरून चाला. तसं झालं तर दिवाणी कोर्टाचं दार उघडं असतं. मात्र तिथेही आरामात बसू नका. दावा दाखल होईल तेव्हा वीस वर्षांची वहिवाट थांबून दोन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा लागतो.

तलाठी अण्णांचं म्हणणं अर्धंच धरा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत स्वतः काढा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेषा म्हणजे पायवाट. गटवारीआधीचा, म्हणजे जमिनींना गट नंबर पडण्याआधीचा, सर्व्हे नंबरचा नकाशाही मागा. जुन्या वाटा कधीकधी त्यात सापडतात. वाट नकाशात निघाली तर ती मालकाची नाहीच, सरकारची आहे, आणि मग गोष्ट अतिक्रमणाची होते.

त्याहून चांगला पुरावा दुय्यम निबंधकाकडे पडलेला असतो. त्या मालकाच्याच खरेदीखताची नक्कल काढा. चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दीच्या वर्णनात, ‘गाडवाट’ किंवा मजकुरात ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ असं काही निघालं, तर त्याला तोंड वर करायला जागा उरणार नाही. आधीचा मालक हयात असेल तर त्याचा जबाबही मोलाचा.

कोणी सांगेल, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करा. ते कलम बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. तिथे गरज पाहतात, आणि नाल्याकडची पायवाट दाखवून समोरचा म्हणेल की पर्यायी रस्ता आहे. तुमची मागणी अडवलेली जुनी वाट मोकळी करण्याची आहे. दोन्ही कलमं एकाच अर्जात टाकू नका. त्या घोळात चांगले आदेशही पुढे टिकत नाहीत, निम्मी प्रकरणं अशीच परत येतात, असा माझा वैताग आहे. १९०६ च्या कायद्यात अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी आहे. ती प्रत्यक्षात बहुधा प्रांताधिकाऱ्यांपुढे चालते.

मुलाला सांगा, तारेला हात लावायचा नाही. आज तुम्ही तक्रारदार आहात, त्या रात्रीनंतर आरोपी व्हाल. पोलीसही आत्ता ‘दिवाणी बाब आहे’ म्हणतील. तहसीलदारांचा आदेश हातात आला की बंदोबस्तासाठी पोलिसांकडे जा.

तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी स्थळ पाहणीला येतील, तेव्हा त्यांना चाकोरी, म्हणजे चाकांनी पडलेली वाट, दिसायला हवी. पहिला चांगला पाऊस झाला की मालक तेवढा पट्टा नांगरून टाकेल. कुलूप, गेट आणि आतली चाकोरी एकाच चौकटीत येईल असे फोटो उद्या सकाळीच काढा.